आधी माती, मग आराखडा

उद्यानविद्या शिकून लँडस्केपिंगमध्ये, म्हणजे बागा, उद्याने आणि इमारतींभोवतीचा मोकळा परिसर घडवण्याच्या व्यवसायात यावे का, आणि यायचे तर कोणत्या वाटेने, अशी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येतात. त्यांतील सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. मी स्वतः रोपवाटिकेत कलमे बांधत या व्यवसायात आलो, त्यामुळे माझ्या उत्तरांचा कल कागदापेक्षा झाडाकडे अधिक असतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : माझ्या मुलीचे शालेय शिक्षण संपत आले आहे. तिची चित्रकला चांगली आहे आणि झाडांची आवडही मनापासूनची आहे. तिने लँडस्केप आर्किटेक्चरकडे जावे की उद्यानविद्येची पदवी घ्यावी? उद्यानविद्या शिकून शेवटी माळीकामच करावे लागेल, अशी घरातील काहींना भीती वाटते. – एक पालक

उत्तर : या दोन्ही शिक्षणक्रमांचा रोख वेगळा आहे. लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये जागेची मांडणी, चढउतार, पाण्याचा निचरा, रस्ते, पायऱ्या, भिंती, माणसांची ये-जा आणि या सगळ्याची बांधकामासाठीची रेखाचित्रे यांवर भर असतो, आणि अनेक देशांत हे पदनाम वापरण्यासाठी मान्यताप्राप्त पदवी व नोंदणी लागते. उद्यानविद्येत वनस्पतींची शरीररचना, माती, अन्नद्रव्ये, अभिवृद्धी (बी किंवा कलमांपासून नवी रोपे तयार करणे), छाटणी, रोग व कीड यांचा अभ्यास होतो. मोठी सार्वजनिक उद्याने किंवा शहररचनेशी निगडित कामे करण्याची मुलीची इच्छा असेल, तर पहिली वाट धरावी लागेल. बागांचे संकल्पन करून त्या स्वतः उभाराव्यात आणि सांभाळाव्यात असे तिला वाटत असेल, तर उद्यानविद्येचा पाया अधिक उपयोगी पडतो आणि रेखाटन, पातळीमापन व बांधकामाचे प्राथमिक ज्ञान त्यावर नंतर चढवता येते. उलट दिशेने जाणे मला अधिक अवघड वाटते, कारण रेखाटन काही महिन्यांत हाताला वळण लावते, पण एखादे झाड पाच वर्षांनी किती पसरेल हे कळायला प्रत्यक्ष वर्षेच द्यावी लागतात.

माळीकामाच्या भीतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या भीतीपायी अनेक चांगली मुले या क्षेत्रापासून दूर राहिलेली मी पाहिली आहेत. अठराव्या शतकात इंग्लंडमधील मोठमोठ्या इस्टेटींचा चेहरामोहरा बदलणारे लॅन्सलॉट ब्राऊन यांनी सुरुवात बागेतील उमेदवार कामगार म्हणून केली होती. १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेसची रचना करणारे जोसेफ पॅक्स्टन हेही मूळचे माळीच, आणि त्या काचेच्या वास्तूमागे त्यांचा काचगृहे उभारण्याचा अनुभव होता. बिआट्रिक्स फरँड यांचे उदाहरण तर आपल्या मुलीच्या प्रश्नाला थेट लागू पडते. १८९९ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स ही संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांमध्ये त्या एकमेव स्त्री होत्या. त्यांचे शिक्षण मात्र बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षसंग्रह उद्यानात, चार्ल्स सार्जंट या वनस्पतितज्ज्ञांच्या हाताखाली, झाडे पाहत आणि ओळखत झाले होते. वॉशिंग्टनमधील डंबार्टन ओक्सची त्यांनी घडवलेली बाग आजही अभ्यासली जाते.

प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रम मात्र बारकाईने वाचा. उद्यानविद्येच्या अनेक अभ्यासक्रमांत फळे आणि भाजीपाल्याला मोठा वाटा असतो आणि शोभिवंत वनस्पती व लँडस्केपिंग यांना एखाददुसरा विषय मिळतो. संस्थेची स्वतःची रोपवाटिका आहे का, विद्यार्थ्यांनी लावलेले झाड पुढच्या वर्षी त्याच विद्यार्थ्यांना पाहायला मिळते का, आणि आठवड्यातले किती तास उघड्यावर जातात, एवढे तीन प्रश्न तेथे जाऊन विचारले तरी संस्थेची पारख होते.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. कार्यालयात बसून करायची नोकरी सोडून मला या क्षेत्रात यायचे आहे. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरेसा होईल का? – एक वाचक

उत्तर : वय आड येत नाही. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी शेती केली, पत्रकारिता केली, आणि १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कामावर अधीक्षक म्हणून ते रुजू झाले तेव्हा त्यांचे वय ३५ होते. पुढच्याच वर्षी कॅल्व्हर्ट वॉक्स या वास्तुविशारदांसह त्यांनी केलेला आराखडा त्या उद्यानासाठी निवडला गेला.

सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाची अडचण वेगळी आहे. सहा महिन्यांत वर्ष पूर्ण होत नाही. पानगळ, नवी पालवी, कळ्या धरणे, कडक उन्हात माना टाकणे, पावसात मुळे कुजणे, हे एकाच रोपाच्या बाबतीत ओळीने पाहिल्याशिवाय त्या रोपाविषयी ठामपणे बोलता येत नाही. म्हणून प्रमाणपत्र जरूर घ्यावे, पण त्याला जोडून एखाद्या रोपवाटिकेत पूर्ण एक वर्ष, निदान सुट्टीच्या दिवशी, काम करावे. तेथे कुंड्या भरणे, रोपे बदलणे, छाट कलम लावणे (फांदीचा तुकडा रोवून रोप करणे), डोळा भरणे (एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीत बसवणे) ही कामे सांगितली जातील आणि ती कंटाळवाणी वाटतील. पण रोप कुंडीतून काढून त्याची मुळे हातात धरण्याची सवय दुसरीकडे कुठेच इतकी चटकन लागत नाही.

सोबत एक वही ठेवा. तीत दर आठवड्याला चार वनस्पती लिहा, म्हणजे वर्षाला दोनशे होतात. प्रत्येकीचे शास्त्रीय नाव, पूर्ण वाढल्यावरची उंची व पसारा, लागणारे ऊन, पाण्याची गरज, मुळांची ठेवण आणि तुम्ही स्वतः पाहिलेला एक दोष एवढे लिहिले की पुरे. शास्त्रीय नावाचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण बोलीतील एकच नाव दोन-तीन वेगळ्या झुडपांना चिकटलेले असते आणि रोपांची मागणी नोंदवताना त्यातून महाग पडणाऱ्या चुका होतात.

पहिली दोन वर्षे उत्पन्न अनियमित राहील आणि हंगामानुसार वर-खाली होईल, याची घरात आधी स्पष्ट चर्चा करावी. पाठ आणि गुडघे यांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

प्रश्न : उद्यानविद्येची पदविका घेऊन दोन वर्षे मी लहान बागांची कामे करतो. नव्या इमारतींभोवती लावलेली झुडपे तीन-चार महिने टवटवीत दिसतात, नंतर पाने पिवळी पडतात आणि बरीचशी मरतात. पाणी वाढवले, खत वाढवले, तरी उपयोग झाला नाही. ग्राहकाला रोपे निकृष्ट होती असे वाटते आणि मलाही आता तसेच वाटू लागले आहे. – एक तरुण व्यावसायिक

उत्तर : रोपांना दोष देण्याआधी फावडे घ्या आणि मेलेले एक झुडूप मुळांसकट उपटून पाहा.

मी हे फार उशिरा केले. एका नव्या इमारतीच्या अंगणात मी झुडपांची रांग लावली होती आणि आठ महिन्यांत तिच्यातली निम्म्याहून अधिक गेली. शेवटी त्यांतले एक ओढले, तर ते फारसे बळ न लावता सरळ वर आले, आणि मुळांचा गड्डा अजून कुंडीच्याच आकाराचा होता. खालचा निमुळता भाग, कडेची गोलाई, सगळे जसेच्या तसे. मुळे गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली आणि एकही मूळ बाहेरच्या जमिनीत शिरलेले नाही. खड्ड्याच्या तळाशी काळपट चिखल होता आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. खड्ड्याच्या भिंतीवर फावडे मारले तर ते टणकन वाजले, कारण ती जमीन बांधकामाच्या काळात वाहनांखाली दबून घट्ट झाली होती आणि तिच्यात सिमेंटचे तुकडे होते. मी घट्ट जमिनीत खड्डे खणून त्यांत उत्तम सुपीक माती भरली होती. त्या मातीत पाणी सहज शिरत होते, पण बाहेर पडायला वाट नव्हती. मी खड्डे नव्हे, हौद बांधले होते, आणि झाडे कोमेजलेली दिसली की त्या हौदांत आणखी पाणी सोडत होतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळे गुदमरून कुजतात, आणि कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नसल्याने चिखलात उभे असलेले झाडही तहानल्यासारखे माना टाकते.

तुमच्या बाबतीतही हेच घडत असावे असा माझा अंदाज आहे. खात्री करून घेण्यासाठी सुमारे ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणा, तो पाण्याने भरून पूर्ण मुरू द्या, मग पुन्हा भरा आणि पट्टीने पातळी मोजा. ताशी अडीच ते पाच सेंटीमीटर पाणी उतरत असेल तर बहुतेक झाडांना ती जमीन चालते. एक सेंटीमीटरही उतरत नसेल, तर लागवड थांबवून आधी निचऱ्याचे काम करावे लागेल. मातीचा पोत पाहण्यासाठी काचेच्या बरणीत माती व पाणी घालून जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक गाळ, काही तासांत बसतो आणि चिकणमाती एक-दोन दिवस पाणी गढूळ ठेवते.

उपाय करताना खड्डा सुधारण्याचा विचार सोडून संपूर्ण वाफा सुधारा. जमीन कोरडी असताना सगळी ३० ते ४५ सेंटीमीटर खोल फोडून घ्या, राडारोडा उचलून टाका आणि कुजलेले सेंद्रिय खत पूर्ण वाफ्यात मिसळा. त्यानंतर लागवडीचा खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दोन ते तीन पट रुंद, पण गड्ड्याच्या उंचीइतकाच खोल ठेवा. झाडाची बहुतेक बारीक मुळे वरच्या थरातच आडवी पसरतात, म्हणून रुंदी महत्त्वाची. आणि खोल खणून भरलेली माती नंतर बसते व झाड खाली जाते, म्हणून खोली मर्यादित. गड्ड्याभोवती फिरलेली मुळे धारदार सुरीने उभी चिरून मोकळी करा. हे करताना पहिल्यांदा हात कचरतो, पण न चिरलेली मुळे पुढे जाड होऊन खोडालाच आवळतात. खोड जेथे रुंद होऊन मुळांत उतरते तो भाग जमिनीच्या वर उघडा दिसला पाहिजे. वर ५ ते ८ सेंटीमीटर आच्छादन, म्हणजे पालापाचोळ्यासारखा थर, द्या, मात्र ते खोडाला टेकवू नका.

पिवळ्या पानांकडेही नीट पाहा, कारण ती सगळी एकसारखी नसतात. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर लोहाची कमतरता संभवते. बांधकामाचा चुना आणि सिमेंट मिसळून मातीचा सामू (पीएच) वाढला की जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. खालची जुनी पाने संपूर्ण पिवळी होत असतील तर नत्र कमी पडत असावे. आणि मुळेच कुजली असतील तर दोन्ही लक्षणांची सरमिसळ दिसते. अशा झाडाला खत घालणे म्हणजे त्याच्या त्रासात भर घालणे होय. माती तपासणीचा अहवाल हाती आल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका.

यापुढे नव्या इमारतीचे काम आले, तर ग्राहकाशी पहिली भेट बांधकाम सुरू असतानाच घ्या. बागेची जागा कुंपण घालून वाहनांपासून वाचवावी आणि वरचा सुपीक थर आधीच काढून वेगळा ठेवावा, ही सूचना वेळेवर ऐकली गेली तर लागवडीच्या वेळचे निम्मे कष्ट वाचतात.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र मिळून बागांची कामे घेतो. काम पूर्ण झाल्यावर दर वेळी खर्च अंदाजपत्रकाच्या बाहेर गेलेला असतो. चूक कोठे होत असावी? – दोन भागीदार

उत्तर : तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या अंदाजपत्रकाच्या नमुन्यात माती, आच्छादन आणि पाणी यांपुढे केवळ ‘आवश्यकतेनुसार’ असे लिहिले आहे. बहुतेक तोटा त्या एका शब्दात आहे. समजा, वाफ्यांचे क्षेत्र २०० चौरस मीटर आहे आणि ३० सेंटीमीटर माती भरायची आहे, तर ६० घनमीटर माती लागेल. सैल भरलेली माती पाण्याने बसते, म्हणून त्याहून अधिक मागवावी लागेल आणि ती उतरवून आत वाहून नेण्याची मजुरी वेगळी धरावी लागेल. त्याच क्षेत्रावर साडेसात सेंटीमीटर आच्छादनासाठी १५ घनमीटर सामग्री हवी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हा दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर २०० चौरस मीटरला रोज १,००० लिटर पाणी लागेल. एवढे पाणी त्या जागी येते का, हा प्रश्न झाडांची यादी करण्याआधी विचारायचा असतो, आणि उत्तर नकारार्थी असेल तर यादी बदलायची असते.

रोपांच्या संख्येतही हीच गत होते. ४५ सेंटीमीटर अंतराने लावले तर चौरस मीटरला साधारण पाच रोपे बसतात. पहिल्याच दिवशी वाफा भरगच्च दिसावा म्हणून दुप्पट रोपे लावली, तर खर्च वाढतोच, शिवाय दोन वर्षांत ती एकमेकांना दाबतात आणि निम्मी काढून टाकावी लागतात. वाफा सुरुवातीला विरळ का दिसेल, हे ग्राहकाला आधीच लेखी कळवावे.

पहिल्या वर्षाची देखभाल हे स्वतंत्र कलम करा. झाडे जगण्याची हमी द्यायची असेल तर ती देखभाल तुमच्याकडे असेल तेवढ्याच काळापुरती द्या. दर फेरीला काय पाहिले, काय केले आणि पाणी किती वेळ दिले याची नोंद ठेवून तिच्यावर ग्राहकाची सही घ्या.

प्रश्न : संगणकावर आराखडे काढता येत नाहीत म्हणून मला कामे मिळत नाहीत असे वाटते. हे शिकणे अपरिहार्य आहे का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : वास्तुविशारद आणि अभियंते यांच्यासोबत काम करायचे असेल तर होय, निदान त्यांची रेखाचित्रे उघडून, वाचून दुरुस्त करण्याइतके तरी. घरगुती बागांसाठी प्रमाणात काढलेले हातचे रेखाटन आजही पुरते. मात्र चढउतार मोजायला जरूर शिका. इमारतीपासून दूर दर मीटरला दोन सेंटीमीटर उतार जमिनीवर साधता आला नाही, तर पाणी भिंतीशी साचेल आणि पडद्यावरचे सुंदर चित्र त्याला अडवू शकणार नाही.

प्रश्न : देखभालीचे काम असलेल्या एका बागेचे मालक जुन्या मोठ्या झाडाचा शेंडा सरसकट कापून टाका, म्हणजे ते बुटके आणि सुरक्षित राहील, असे सांगतात. प्रशिक्षणात आम्हाला याच्या उलट शिकवले होते. नकार दिला तर काम जाईल. मी काय करावे? – एक उद्यान पर्यवेक्षक

उत्तर : तुमचे शिक्षण बरोबर आहे आणि मालकांची काळजीही खरी आहे, म्हणून नुसता नकार न देता पर्याय घेऊन त्यांच्याकडे जा. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड इजा झालेल्या भागाभोवती आतून भिंती उभारून कूज अडवते आणि नवे लाकूड त्यावर वाढवते. फांदी खोडाला मिळते तेथे जो फुगीर गळा असतो, त्याच्या लगेच बाहेर छाटले तर ही भिंत चांगली उभी राहते. शेंडा मधूनच कापला तर त्या जाड, उघड्या काप्यावर ही सोय नसते, कूज खाली उतरते, आणि कापल्या जागेभोवती फुटणारे जोमदार धुमारे वरवर चिकटलेले असल्याने काही वर्षांनी वाऱ्यात नेमके तेच मोडून पडतात. म्हणजे झाड पुन्हा उंच होते आणि पूर्वीपेक्षा धोकादायक होते.

पर्याय असा मांडा : वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या, आणि उंची कमी करणे खरोखर आवश्यक असेल तर लांब फांदी तिच्याच जाडीच्या निदान एक तृतीयांश असलेल्या बाजूच्या फांदीपाशी आणून छाटायची, म्हणजे वाढीचा जोर त्या फांदीकडे वळतो. मोठ्या, जुन्या झाडाचा हिरवा भार एका हंगामात फार उतरवू नये. कापलेल्या जागी रंग किंवा लेप लावण्याची गरज नसते. झाडाला पोकळी असेल किंवा ते कलले असेल, तर वृक्षतज्ज्ञांकडून लेखी पाहणी करून घ्या आणि दोरावर चढून छाटणी करण्याचे काम प्रशिक्षित माणसांवरच सोपवा.

मालकांना भेटायला जाताना आधी परिसरात फिरा आणि काही वर्षांपूर्वी शेंडा कापलेले एखादे झाड शोधून ठेवा. त्यांना त्या झाडाखाली उभे करून वर फुटलेल्या धुमाऱ्यांच्या बुडाशी कुजलेले लाकूड दाखवा, आणि त्यानंतरच आपल्या झाडाविषयी बोलायला सुरुवात करा.